डावीकडचं छोटं वळण

८ जानेवारी, बुधवार

एसटीत सव्वीस वर्षं रोज लॉगशीट भरली. त्यामुळे दिवस संपला की चार ओळी खरडल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. इथे बहारीनला लॉगशीट नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, ही वही आणली. कोणाला दाखवायची नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

तर खरं असं की आज वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकायला गेलो. ज्याने कुंभार्ली घाटात पावसाळी धुक्यात साठ-साठ माणसं चढवली-उतरवली, त्या रावजीला टपावर शिकाऊची पाटी लावलेल्या इवल्याशा गाडीत बसवलं. आपलं लायसन इथे चालत नाही, त्याला कोण काय करणार. शिकवणारा कमाल नावाचा इथलाच माणूस आहे, अरादहून येतो, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा असेल. हिंदी बरं बोलतो.

मी रुबाबात गेलो आणि उजवीकडचं दार उघडून बसलो. समोर स्टिअरिंगच नाही. कमाल दाराशी उभा राहून म्हणाला, "आज मैं चलाऊँ क्या?" उतरून डाव्या बाजूला येईपर्यंत कान तापले होते. नंतर वळताना इंडिकेटर द्यायला गेलो तर वायपर सुरू झाला. कडकडीत ऊन, आणि मी काच पुसतोय. असं तीनदा झालं. बाजूच्या गाडीतली बाई बघत होती.

माझ्या मेहुण्याने, बाळाजीने, संध्याकाळी विचारलं, कसं झालं भावोजी. मी म्हटलं, त्यात काय शिकायचंय.

१२ जानेवारी, रविवार

हमद टाउनमध्ये जिकडे बघावं तिकडे राउंडअबाउट. त्यांना नंबर आहेत आणि माणसं पत्ता सांगतानाही नंबरच सांगतात. आज कमालने मला सहा सर्कल फिरवले. इथे सर्कल डाव्या हाताला ठेवून फिरायचं. मी जन्मभर देवही उजव्या हाताला ठेवला आणि सर्कलही. ही उलटी प्रदक्षिणा अंगाला पटत नाही. कमालच्या पायाशी त्याचा स्वतःचा ब्रेक आहे. आज त्याने तो चारदा दाबला, मी मोजलं.

शिवाय हॉर्न. घाटात प्रत्येक वळणाला हॉर्न दिला नाही तर तो ड्रायव्हर कसला. हॉर्न दिला म्हणजे समोरच्याला कळलं आणि वळण आपलं झालं. इथे मी सर्कलमध्ये शिरताना सवयीने हॉर्न दिला तर पुढच्या गाडीतला म्हातारा काच खाली करून वळून बघायला लागला. कमालने हात वर करून त्याची माफी मागितली, माझ्या वतीने. मग मला म्हणाला, "इधर हॉर्न मतलब गाली." सव्वीस वर्षांत माझ्यासाठी कोणाला माफी मागावी लागली नव्हती.

१९ जानेवारी, रविवार

आज नुसती वळणं. कमालने बॉनेटवरच्या धुळीत बोटाने रस्ता काढून दाखवला. आपल्याकडे डावीकडचं वळण छोटं, कडेकडेने जायचं, आणि उजवीकडचं मोठं, समोरची वाहतूक ओलांडून जायचं. इथे बरोबर उलट. उजवीकडचं छोटं, डावीकडचं मोठं. डावीकडे वळायचं तर आधी अख्खा अलीकडचा रस्ता ओलांडायचा, दुभाजकातल्या फटीतून पलीकडे जायचं आणि मगच वळायचं.

मग त्याने एक गोष्ट सांगितली, ती मात्र मला आवडली. म्हणाला, जगात कुठेही जा, ड्रायव्हर रस्त्याच्या मध्याकडे असतो. वळून झालं की बघ, तुझा दाराकडचा खांदा दुभाजकाच्या बाजूला आहे का. नसेल तर तू चुकीच्या बाजूला आहेस. घरी येऊन मी एसटीचा विचार करून पाहिला. खरंच की. इतकी वर्षं माझा उजवा खांदा रस्त्याच्या मध्याकडेच होता, कधी लक्षात आलं नाही.

जाताना तो म्हणाला, "गाड़ियाँ हों तो तुम ठीक चलाते हो, उनके पीछे-पीछे. रास्ता ख़ाली हो तब मुझे तुमसे डर लगता है." मी हसलो. रिकाम्या रस्त्याला कोण घाबरतं?

३० जानेवारी, गुरुवार

नापास.

बाजूला बसलेला पोलीस माझ्या मुलाच्या वयाचा असेल. शेवटच्या डाव्या वळणाला हात कडेकडेने फिरायला लागले आणि त्याने "खलास, खलास" म्हणून गाडी थांबवायला सांगितली. रागावला नाही. कागदावर खूण केली आणि उतरायची खूण केली. बाकीचे शिकाऊ बाकावर बसून बघत होते. त्यांत एक केरळचा पोरगा होता, त्याने मला पाण्याची बाटली दिली. 

रात्रीच्या फोनवर हिला सांगितलं की परीक्षा पुढे ढकलली. तिने लगेच शेजारी कोणाला तरी मोठ्याने तेच सांगितलं. बाळाजीलाही हेच सांगणार होतो, पण निकालाचा कागद त्यालाच दाखवायचा होता. बाळाजी हिचा चुलतभाऊ. शाळेच्या मुलांची ने-आण करण्याच्या दोन गाड्या चालवतो, त्यातल्या एकीचा ड्रायव्हर काम सोडून गेला म्हणून त्याने मला बोलावून घेतलं. मुलांच्या आईबापांना त्याने सांगून ठेवलंय, माझे भावोजी सव्वीस वर्षं घाटात एसटी चालवत होते, एक ओरखडा नाही. कागद बघून तो एवढंच म्हणाला, "होतो असा कदी कदी." त्याच्या स्वरात जी समजूत होती ती मला सहन झाली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पास. यावेळी प्रत्येक वळणाला मनात 'खांदा, खांदा' म्हणत होतो.

हिला फोन केला तर म्हणाली, तुम्ही कधी नापास झालायत का आयुष्यात? वाडीत साखर वाटायला निघाली होती. आगारात सत्काराच्या वेळी मिळालेलं विनाअपघात सेवेचं प्रमाणपत्र तिने पुढच्या खोलीत लावलंय. त्याच्या शेजारी आता बहारीनच्या लायसनचा फोटो लावणार म्हणते. लाव म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कामाचा तिसरा दिवस, इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो. सहा मुलं. सकाळी सगळ्यात आधी यशोधराला घ्यायचं, आठ वर्षांची आहे, तिसरीत. तिची आई संघप्रियाताई इस्पितळाच्या लॅबमध्ये आहेत, माणसं नागपूरकडची. मला काका म्हणतात, पण मुलांसाठी मी अंकल. यशोधराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. माझ्या बरोबर मागच्या सीटवर बसते आणि पुढचा मुलगा येईपर्यंतची दहा मिनिटं अखंड बोलते. मला निम्मं कळतं. आज हलणारा दात जिभेने पुढे-मागे करून दाखवला आणि विचारलं, हा कधी पडेल. मी म्हटलं, रमजानच्या आत पडतो बघ.

बरं वाटतं तिच्याशी बोलायला. आपली पोरं या वयाची होती तेव्हा मी कायम मुक्कामी गाडीवर असायचो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हात बसला. आता खांदा-बिंदा मनात म्हणावं लागत नाही. आज गाडी धुताना बाळाजीला म्हटलं, तुझा कमाल उगाच घाबरवतो माणसाला.

३ मार्च, सोमवार

सहा मुलं, दोन फेऱ्या. यशोधराचा हलणारा दात पडला. विशेष काही नाही.

४ मार्च, मंगळवार

काल लिहिलेलं खोटं नाही, पण खरंही नाही. माझ्याच वहीत मी कोणापासून लपवतोय? लिहून टाकतो.

रमजान सुरू झालाय. माणसं रात्रभर जागी असतात आणि सकाळी सगळं गाव झोपलेलं. काल यशोधराला घेऊन तिच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यापाशी आलो. मला डावीकडे जायचं होतं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एक गाडी नाही. इंडिकेटर दिला आणि हात आपोआप फिरले. चिपळूण स्टँडमधून बाहेर पडताना फिरायचे तसे, डावीकडे, कडेकडेने, छोटं वळण. रस्ता इतका मोकळा आणि मी इतका निवांत. यशोधरा मागून म्हणाली, "अंकल, राँग साइड." मी म्हटलं, काय गं? तेवढ्यात समोरून पांढरी पिकअप आली.

आणि मी हॉर्न मारला. चुकीच्या बाजूने मी चाललोय आणि हॉर्नही मीच मारतोय. मग कचकन ब्रेक. पिकअपवाल्याने शेवटच्या क्षणी गाडी काढली, त्याचा आरसा लागून माझा आरसा दुमडला. तो ओरडत निघून गेला. मी फुटपाथला चिकटून थांबलो. पायाने क्लच शोधत बसलो, या गाडीला क्लचच नाही हेसुद्धा विसरलो.

वळून पाहिलं तर पोरीच्या तोंडाला रक्त. पाणी पीत होती, ब्रेकच्या धक्क्याने बाटली दातावर आपटली. दात तिच्या हातात होता. रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती फक्त.

मी टिश्यूने तिचं तोंड पुसलं. खिशात चॉकलेट होतं ते दिलं. आणि म्हणालो, "दात पडायचाच होता की नाही? आईला सांग, आपोआप पडला. बाकीचं कोणाला सांगायचं नाही हां. आपलं दोघांचं गुपित. प्रॉमिस?" तिने मान हलवली.

आरसा सरळ केला, ओरखडा पॉलिशने निघाला. कोणाला काही झालं नाही. दात पडणारच होता.

६ मार्च, गुरुवार

मुलं विसरतात हे बरं असतं. यशोधरा हल्ली अगदी मागच्या सीटवर जाऊन बसते, मोठी झाल्यासारखी. बडबडही कमी झालीय. पण गाणं म्हणत असते, गाडी वळायला लागली की हळू आवाजात "राइट, राइट, राइट" असं काहीतरी. शाळेतलं असेल. आज मी आरशातून म्हटलं, छान गातेस गं. ती गप्प झाली. चॉकलेट पुढे केलं तर घेतलं नाही. आईने बंद केलं असणार.

मी मात्र विसरलेलो नाही. त्या गल्लीच्या तोंडाशी आलो की अजून ती पिकअप दिसते. तिथे आता पूर्ण थांबतो, दुभाजक बघतो, मग निघतो. कोणाला हे सांगण्यासारखं नाही. हिने लायसनचा फोटो चौकटीत लावून मोबाइलवर पाठवलाय. तो उघडूनसुद्धा पाहवला नाही.

१० मार्च, सोमवार

यशोधराच्या पोटात दुखतं. काल आणि आज संघप्रियाताईंनी तिला अर्धा तास उशिरा स्वतः सोडलं. सकाळी गाडीची वेळ झाली की उलटी होते म्हणाल्या. मी फोनवर सांगितलं, ओवा आणि थोडं सैंधव कोमट पाण्यातून द्या, आमच्याकडे लहान मुलांना तेच देतात. त्या "हो काका" म्हणाल्या आणि फोन ठेवला. रमजानमध्ये इथे बाहेरचं खाणं फार होतं, त्याचंच असणार.

१२ मार्च, बुधवार

आज ताई पोरीला घेऊन खाली आल्या आणि गाडीत स्वतःही बसल्या, यशोधराला अगदी चिकटून. म्हणाल्या, आज मीही येते शाळेपर्यंत. मला बरं वाटलं. आईला माझं चालवणं एकदा बघायला मिळालं ते उत्तम झालं. मी प्रत्येक वळण असं घेतलं की कमालने पाठ थोपटली असती.

शाळेशी उतरताना त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही तिला चॉकलेट दिलं होतं का?" मी म्हटलं, हो, दिलं होतं, माझ्या नातीसारखी आहे. त्यांनी विचारलं, बाकीच्या मुलांनाही देता का? मी खरं ते सांगितलं, नाही, फक्त तिलाच. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. दातांची काळजी करणारी आई दिसते. यापुढे द्यायचं नाही हे लक्षात ठेवतो.

१६ मार्च, रविवार

यशोधरा आज नाही, गुरुवारीही नव्हती. आणखी दोन मुलींच्या घरून निरोप आला की या आठवड्यात त्या येणार नाहीत. परीक्षा जवळ आल्यात, वडील सोडतील. गाडीत तीनच मुलगे. गाडी मोकळी मोकळी वाटते.  मी मासे तळले होते, बाळाजीने त्यांना हातही लावला नाही.

१७ मार्च, सोमवार

कसं लिहू कळत नाही.

दुपारी बाळाजी आला, दार लावलं आणि उभाच राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भावोजी, एक इचारतो. त्या पोरीला तुमी काय केलात?"

मी म्हटलं, काय केलं म्हणजे?

"ती आयशीला सांगते, अंकलनी सांगितलान, कुनाला सांगू नको. प्रॉमिस घेतलान, चॉकलेट दिलान. त्या दिवशी तिच्या तोंडाला रगत व्हता. पुढचा काय पोरगी सांगत नाय. डॉक्टरकडे नेली तिला आयशीन." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी माज्या बहिनीचे घरवाले. खरा काय ता सांगा."

मला उलगडायला किती वेळ लागला, ते आठवून आता स्वतःचीच लाज वाटते. चॉकलेट, ओवा, आईचं गाडीत येऊन बसणं, त्या दोन मुली. सगळं माझ्यासमोर होत होतं. आणि मी वहीत काय लिहीत होतो? दातांची काळजी, परीक्षा. कान आणि मान भाजून निघाल्यासारखी झाली. मी भिंतीला धरून खाली बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. गल्ली, रिकामा रस्ता, पिकअप, हॉर्न, दात.

ऐकून बाळाजी पलंगावर बसला. "येवढाच?" म्हणाला. "राँग साइड? येवढाच ना?" आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून कितीतरी वेळ तसाच राहिला. मला वाटलं हसतोय. हात काढले तेव्हा डोळे लाल होते.

मग त्याला दुसरं सुचलं. शाळेच्या मुलीला घेऊन उलट्या बाजूने गाडी घातली हे कळलं तर मी तर जाईनच, पण त्याच्या दोन्ही गाड्याही बसतील. एकाही घरचं मूल त्याच्याकडे राहणार नाही. तो म्हणाला, असं सांगू या की पोरगी गाडीत उभी राहिली म्हणून तुम्ही तिला जोरात ओरडलात, दात आपोआप पडला, आणि ओरडल्याचं आईला सांगू नको म्हणालात. माफी मागू. इतक्यावर मिटेल.

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. मला ते पटलं. त्याच्या गाड्यांचा विचार नंतर आला. आधी डोळ्यांपुढे आली ती आमच्या पुढच्या खोलीतली चौकट. सव्वीस वर्षं विनाअपघात. ती तशीच राहिली असती.

१८ मार्च, मंगळवार

चार वाजता संघप्रियाताईंकडे गेलो, बाळाजी आणि मी. त्यांचे मिस्टर शिफ्टला होते. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांचा फोटो, खाली अभ्यासाचं टेबल. यशोधरा त्या टेबलाशी बसलेली. ताईंनी बसा म्हटलं नाही. तिला आत जायला सांगितलं, ती गेली नाही. आईनेही मग आग्रह केला नाही, तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

मी पाठ केल्याप्रमाणे सुरुवात केली. "ताई, चूक माझी आहे. त्या दिवशी ती गाडीत उभी राहिली म्हणून मी तिला ओरडलो..."

यशोधराने माझ्याकडे पाहिलं. पिकअप निघून गेल्यावर पाहिलं होतं तसंच. मग आईला म्हणाली, "मम्मा, आय डिडन्ट स्टँड." एवढंच. मी ओरडलो नाही असं ती म्हणाली नाही, गाडीचं काही बोलली नाही. प्रॉमिस अजून पाळत होती. फक्त ती उभी राहिली नव्हती, तेवढं तिचं तिने सांगितलं.

मला कळलं की मी पुन्हा तेच करतोय. पहिल्यांदा तिच्याकडून खोटं वदवलं आणि आता तिलाच खोटी पाडतोय. ती आठ वर्षांची पोर, आणि मी त्रेपन्न वर्षांचा माणूस. मी बाळाजीकडे पाहिलं नाही. यशोधराला म्हटलं, "बाळा, तुझं प्रॉमिस संपलं. मीच सांगतो आता."

आणि सांगितलं. हॉर्न मारल्याचंसुद्धा.  ताईंचा हात पोरीच्या खांद्यावर होता. मध्येच त्या तिच्याच खुर्चीच्या कडेवर टेकल्या. तिला कवटाळून "एवढंच होतं का न बेटा? एवढंच?" असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. यशोधरा मान हलवत होती आणि आता रडत होती. दात पडला तेव्हा न रडलेली पोर.

मी माफी मागितली. त्या डोळे पुसून उभ्या राहिल्या.

"गाडी चुकीच्या बाजूला गेली, ते मी समजू शकते काका. मीपण इथे नवीन होती तेव्हा रस्ता ओलांडताना उलटीकडे बघत होती. पण तुम्ही माझ्या लेकराचं तोंड बंद केलं. पंधरा दिवस मी तिला काय काय विचारलं असेल, तुम्हाला कल्पना आहे का? ते प्रश्न मला परत घेता येत नाहीत."

  त्या म्हणाल्या, बाकीच्या पालकांना तुम्ही स्वतः सांगा, मी सांगितलं तर अजून भलतंच पसरेल. मी हो म्हटलं. दारापर्यंत आलो तेव्हा मागून त्यांनी जय भीम म्हटलं, बहुधा सवयीने. मी वळून हात जोडले.

१९ मार्च, बुधवार

पाच घरी गेलो. पाच वेळा सांगितलं. तिसऱ्या घरी एका बापाने माझ्या तोंडावर दार लावलं. पाचव्या घरच्या आजींनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, खरं बोललात ते बरं केलंत, पण आमचा मुलगा आता नाही पाठवणार हो. गाडीची चावी बाळाजीच्या हातात दिली. तीन मुलं दुसऱ्या गाडीत येतील, तीन गेली. बाळाजी माझ्याशी बोलतो, पण भावोजी म्हणत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. नापास झाल्यापासून. फोन बंद झाला की काय म्हणून दोनदा हॅलो म्हटलं. मग ती म्हणाली, "पोरगी बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. "मग तुम्ही जेवा." एवढं बोलून तिने ठेवला. नंतर मी फोन करून म्हटलं, ती चौकट काढ भिंतीवरची. ती म्हणाली, लायसनचा फोटो काढते. एसटीचं राहू दे, ते खरं आहे.

मला त्याचीही आता खात्री वाटत नाही. सव्वीस वर्षं डावीकडचं छोटं वळण चुकायची सोयच नव्हती.

संध्याकाळी कमालला फोन केला. परत शिकायचंय म्हटलं. तुझ्याकडे तर लायसन आहे, तो म्हणाला. मी म्हटलं, रिकामा रस्ता शिकायचाय.  तो म्हणाला, ईदनंतर, इंशाल्ला.

४ एप्रिल, शुक्रवार

काल कोल्ड स्टोअरमध्ये संघप्रियाताई आणि यशोधरा भेटल्या. मी ब्रेडच्या मांडणीमागे सरकणार होतो, पण पोरीने पाहिलं होतं. नवा दात अर्धा वर आलाय. ताईंनी मान हलवली, हसल्या नाहीत. मीच बोलायचं म्हणून विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिचं पोट आता बरं आहे. यशोधरा आईचा हात धरून उभी होती. ती कधी नव्हे ते मराठीत बोलली, एकेक शब्द शोधून.

"अंकल, आता तुम्हाला राइट कोण सांगते?"

मला आधी कळलंच नाही. ताईंनाही कळलं नसावं, त्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिने हाताने गाडी वळवून दाखवली. "टर्न आला की मी सांगत होते ना. मागून. तुम्ही विसरू नये म्हणून. पण तुम्ही सिंगिंग म्हणाले, मग मी मनात सांगायला लागले."

 मीच सांगतो आता, असं काहीतरी म्हणालो. पैसे देऊन ब्रेड तिथेच विसरून आलो.

आज सकाळी कमाल मला सखीरकडे घेऊन गेला. दोन्ही बाजूंना वाळू आणि मैलभर एक गाडी नाही. त्याने डावीकडे वळायला सांगितलं. मी थांबलो. दुभाजक पाहिला. आणि मोठ्याने म्हणालो, "राइट, राइट, राइट." अलीकडचा रस्ता ओलांडला, पलीकडे गेलो, वळलो, उजवीकडच्या लेनमध्ये आलो. डावा खांदा दुभाजकाकडे होता. कमालने विचारलं, किससे बात कर रहे हो?  पुढच्या वळणाला पुन्हा म्हणालो, त्याच्या पुढच्याही. डोळ्यांत पाणी येत होतं, म्हणून एकदा गाडी कडेला घ्यावी लागली.

ती पोर पोटातली कळ दाबून रोज गाडीत चढत होती. माझ्या भीतीने सगळ्यात मागे जाऊन बसत होती, आणि तिथून प्रत्येक वळणाला माझी गाडी योग्य बाजूला नेत होती. मी आरशातून तिला सांगितलं होतं, छान गातेस.